घटनेच्या शिकवणीचा हिशेब

३०, २४, १५ आणि ६०. संविधानाची शिकवणी लावायची की नाही, हे ठरवण्याआधी कायद्याच्या विद्यार्थ्याने हे चार आकडे पाहावेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार आठवड्याला किमान ३० तासिका व्हायला हव्यात. त्यांपैकी किमान २४ तास व्याख्यानांचे असावेत, सत्र किमान १५ आठवड्यांचे असावे आणि एका तुकडीत ६० हून अधिक विद्यार्थी नसावेत. ३० मधून २४ वजा केले की आठवड्याला ६ तास उरतात. ट्युटोरियल, मूट कोर्टचा सराव, चर्चासत्रे हे सगळे त्या ६ तासांत बसवायचे. १५ आठवड्यांचे झाले ९० तास. सत्राला ढोबळमानाने पाच विषय धरले तर एका विषयाच्या वाट्याला १८ तास येतात. हे १८ तास ६० जणांत वाटले की प्रत्येकाला मिळतात १८ मिनिटे. नियमांतल्या २० अनिवार्य पेपरांपैकी दोन पेपर संविधानाचे आहेत, म्हणून दोन्ही मिळून ३६ मिनिटे.

ही ३६ मिनिटे कागदावरची आहेत. सुट्ट्या, निवडणुकीची ड्युटी, परीक्षांचे पर्यवेक्षण, रिकामी राहिलेली प्राध्यापकांची पदे यांतून उरते ती वेळ याहून कमी. यात कोणा एका शिक्षकाचा दोष काढण्यात अर्थ नाही, कारण गणितच तसे आहे. एका विद्यार्थ्याचे तीन पानी उत्तर नीट वाचून, शेरे लिहून परत द्यायला दहा मिनिटे लागतात असे धरा. ६० उत्तरांना ६०० मिनिटे, म्हणजे दहा तास. सत्रात अशी पाचच उत्तरे तपासायची ठरवली तरी एका तुकडीसाठी ५० तास झाले आणि बहुतेक शिक्षकांकडे एकाहून अधिक तुकड्या असतात. म्हणून बहुसंख्य विद्यार्थी संविधानाच्या पेपरला बसतात तेव्हा त्यांचे या विषयातले एकही पूर्ण उत्तर कोणी ओळ न् ओळ वाचून परत दिलेले नसते.

शिकवणी कशासाठी हवी, याचे उत्तर या हिशेबातच आहे. व्याख्याने महाविद्यालयात होतात, आणि यूट्यूबवर तर कधी संपणार नाहीत इतकी आहेत. आपण लिहिलेले वाचून, ‘इथे तू निकालाचा आधार दिलास, पण तो निकाल हा मुद्दा सांगतच नाही’ असे म्हणणारे माणूस मात्र कुठेच मिळत नाही. शिकवणीचे पैसे द्यायचे तर ते या कामाचे द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बाकी सगळे फुकट किंवा जवळपास फुकट मिळते.

३९५ पैकी २४

संविधान २६ जानेवारी १९५० ला पूर्णपणे अमलात आले तेव्हा त्यात ३९५ अनुच्छेद आणि ८ अनुसूची होत्या. सप्टेंबर २०२३ पर्यंत १०६ घटनादुरुस्त्या झाल्या, अनुसूची १२ झाल्या, आणि २१क, ३१क, २४३क, ३००क असे मधले अनुच्छेद धरले तर आज संख्या साडेचारशेच्या घरात जाते. शेवटचा क्रमांक मात्र अजूनही ३९५ च आहे. ‘पूर्ण सिलॅबस कव्हर करून देतो’ असे सांगणारा शिकवणीवाला विद्यार्थ्याला या आकड्यानेच घाबरवतो.

परीक्षेत आणि पुढे कोर्टात सर्वाधिक घासले जाणारे मूलभूत हक्क अनुच्छेद १२ ते ३५ मध्ये आहेत. हे २४ क्रमांक, म्हणजे ३९५ च्या जेमतेम ६ टक्के. त्यात २२६ (उच्च न्यायालयांचे रिट अधिकार), २४५ ते २५४ (केंद्र आणि राज्यांची कायदे करण्याची कक्षा), ३५६ (राष्ट्रपती राजवट) आणि ३६८ (घटनादुरुस्ती) हे १३ क्रमांक मिळवले तरी बेरीज ३७ होते. उरलेले अनुच्छेद बिनमहत्त्वाचे आहेत असे मुळीच नाही, पण त्यांतले बरेचसे बेअर अॅक्ट शांतपणे वाचून समजतात. या ३७ मध्ये मात्र मजकूर वाचून काहीच हाती लागत नाही, कारण त्यांचा अर्थ निकालांत आहे.

आणि निकाल लांब आहेत. २४ एप्रिल १९७३ चा केशवानंद भारती निकाल घ्या: १३ न्यायमूर्ती, ६८ दिवसांची सुनावणी, ११ स्वतंत्र निकालपत्रे, ७०३ पाने. तासाला २० पाने असा चांगला वेग धरला तरी ३५ तास लागतील, आणि पहिल्या वाचनात हाती गोंधळच येईल. संसदेला घटना बदलता येते, पण तिचा मूलभूत ढाचा मोडता येत नाही, हे सूत्र ७ विरुद्ध ६ अशा मतांनी आले. निकालाच्या शेवटी बहुमताचे म्हणून जे निष्कर्ष मांडले त्यावर १३ पैकी ९ न्यायमूर्तींनी सह्या केल्या, ४ जणांनी केल्या नाहीत. सात मतांपैकी निर्णायक ठरले न्या. हंसराज खन्ना यांचे. मूलभूत हक्कही बदलता येतात, असे म्हणताना ते एका गटाजवळ गेले आणि ढाचा मोडता येत नाही, असे म्हणताना दुसऱ्या. हे समजले नाही तर ‘केशवानंदने गोलकनाथ उलथवला’ हे वाक्य अर्धेच समजते. गोलकनाथ निकाल १९६७ चा, ११ न्यायमूर्तींचा, ६ विरुद्ध ५ असा होता. दोन्ही वेळा एका मताने पारडे फिरले.

चांगला शिकवणारा ७०३ पैकी कोणती ४० पाने वाचायची ते सांगतो आणि तीच पाने समोर बसवून वाचून घेतो. मला विचाराल तर शिकवणीतली अर्धी किंमत याच कामाची आहे. आणि तो भिन्नमत वाचायला लावतो. १९७६ च्या एडीएम जबलपूर खटल्यात पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी सांगितले की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला आपल्या अटकेविरुद्ध कोर्टाकडे दाद मागता येणार नाही. एकट्या न्या. खन्नांनी विरोधात लिहिले. ४१ वर्षांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ते चौघांचे मत चुकीचे ठरवले. परीक्षेसाठी फक्त बहुमताचे सार पाठ करून घेणाऱ्याकडे शिकलेल्या मुलाला १९७६ नंतर २०१७ कसे आले, हे कधीच उलगडणार नाही.

५२ चे ६८ आणि ६८ चे ६४ का झाले?

कोणाकडे शिकवणी लावायची, हे ठरवण्यासाठी पदवी आणि अनुभव विचाराच, पण त्याआधी एक प्रश्न विचारा. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला मी हाच प्रश्न सुचवेन, कारण तो आपल्या घरातला आहे आणि त्यात संविधानाचे निम्मे वर्ष सामावलेले आहे. प्रश्न असा: मराठा आरक्षणाचे आकडे क्रमाने समजावून सांगा.

आकडे असे आहेत. मराठा आरक्षणाआधी राज्यात ५२ टक्के आरक्षण होते: अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, इतर मागासवर्ग १९, विमुक्त जाती व भटक्या जमाती मिळून ११ आणि विशेष मागास प्रवर्ग २. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्याने सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग म्हणून मराठा समाजाला १६ टक्के दिले, बेरीज ६८ झाली. २७ जून २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण आकडा शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ असा खाली आणला, कारण मागासवर्ग आयोगाची शिफारस तेवढीच होती. बेरीज ६४ आणि ६५ झाली. ५ मे २०२१ ला जयश्री पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे आरक्षण रद्द केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने पुन्हा कायदा केला, या वेळी १० टक्क्यांचा. ५२ अधिक १० म्हणजे ६२, आणि आर्थिक दुर्बल घटकांचे १० टक्के धरले तर ७२.

एवढे तर वर्तमानपत्र वाचणारा कोणीही सांगेल. शिकवणाऱ्याची परीक्षा यापुढे सुरू होते. ५० टक्क्यांची मर्यादा कुठून आली? १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातून, नऊ न्यायमूर्ती, ६ विरुद्ध ३. त्या निकालात अपवादाची वाट ठेवली होती का? होती, असामान्य परिस्थितीत. मग महाराष्ट्रात ५२ टक्के आधीपासून होतेच, ते कसे टिकले? २०२१ च्या निकालात पाचही न्यायमूर्ती कशावर एकमत होते आणि कशावर ३ विरुद्ध २ असे फुटले? ५० ची मर्यादा ओलांडण्याजोगी असामान्य परिस्थिती नाही, यावर एकमत होते. १०२ व्या घटनादुरुस्तीनंतर मागास वर्ग ठरवण्याचा राज्याचा अधिकार गेला का, यावर फूट होती. तिघांनी गेला असे सांगितले. म्हणून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने १०५ वी घटनादुरुस्ती करून तो अधिकार राज्यांना परत दिला.

आणि शेवटचा, सगळ्यात अवघड उपप्रश्न. ७ नोव्हेंबर २०२२ ला आर्थिक दुर्बल घटकांचे १० टक्के आरक्षण ३ विरुद्ध २ मतांनी वैध ठरले, तेव्हा बहुमताने ५० टक्क्यांची मर्यादा अभंग नाही, असे म्हटले. मे २०२१ मध्ये जी रेषा इतकी पक्की होती ती दीड वर्षात लवचीक कशी झाली? याला एका वाक्याचे उत्तर नाही. २०२२ च्या बहुमताने ती मर्यादा अनुच्छेद १५(४), १५(५) आणि १६(४) खालच्या आरक्षणापुरती असल्याचे सांगितले आणि भिन्नमताने त्याच मुद्द्यावर धोक्याचा इशारा दिला. शिकवू पाहणारा इथे थांबून, निकाल उघडून, ‘हे आपण दोघे मिळून वाचू’ म्हणाला, तर तो योग्य माणूस आहे. ‘हे परीक्षेला येत नाही’ म्हणाला, तर पुढे जा. आरक्षण योग्य की अयोग्य यावर अर्धा तास भाषण देऊ लागला, तरीही पुढे जा. त्याचे मत कोणत्याही बाजूचे असो, विद्यार्थ्याला दोन्ही बाजूंचा युक्तिवाद लिहिता आला पाहिजे.

जुन्या नोट्स

शिकवणीच्या बाजारात सर्वाधिक फिरते ती झेरॉक्स. ‘आमच्या नोट्स’ म्हणून स्पायरल बाइंडिंग केलेला जो गठ्ठा दिला जातो, त्याचे वय तपासण्याची सोपी रीत म्हणजे २०२४ हे वर्ष. त्या एका वर्षात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठांनी तीन आणि सात न्यायमूर्तींच्या पीठांनी तीन मोठे निकाल दिले, आणि प्रत्येकाने एक जुना पाठ मोडीत काढला.

४ मार्चला सीता सोरेन खटल्यात सात जणांनी एकमताने सांगितले की सभागृहात मत देण्यासाठी लाच घेतलेल्या लोकप्रतिनिधीला विशेषाधिकाराचे संरक्षण नाही, १९९८ चा नरसिंह राव निकाल गेला. २५ जुलैला नऊ जणांनी ८ विरुद्ध १ असे ठरवले की खनिजावरचे स्वामित्वधन हा कर नव्हे, १९८९ चा इंडिया सिमेंट निकाल गेला. १ ऑगस्टला सात जणांनी ६ विरुद्ध १ मतांनी अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला परवानगी दिली, २००४ चा चिन्नय्या निकाल गेला. २३ ऑक्टोबरला औद्योगिक अल्कोहोलवर राज्यांना कायदा करण्याचा अधिकार ८ विरुद्ध १ ने मान्य झाला, सिंथेटिक्स अँड केमिकल्स निकाल गेला. ८ नोव्हेंबरला अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या खटल्यात ४ विरुद्ध ३ ने १९६७ चा अझीझ बाशा निकाल गेला.

५ नोव्हेंबरचा निकाल वेगळा सांगायला हवा, कारण तो मुंबईचा आहे. उपकरप्राप्त जुन्या चाळींच्या मालकांच्या संघटनेने महाराष्ट्र सरकारविरुद्ध लढवलेला हा खटला. म्हाडा कायद्यात १९८६ साली घातलेल्या प्रकरणाने अशा इमारती ठरावीक मोबदला देऊन ताब्यात घेण्याची सोय केली होती. अनुच्छेद ३९(ख) मधली ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ म्हणजे प्रत्येक खासगी मालमत्ता का, हा प्रश्न तीन दशके लोंबकळत राहिला आणि अखेर नऊ जणांच्या पीठातल्या बहुमताने सांगितले, प्रत्येक खासगी मालमत्ता नव्हे. मार्गदर्शक तत्त्वांवरच्या नोट्समध्ये आजही १९८२ चा संजीव कोक निकाल शेवटचा शब्द म्हणून छापलेला असेल तर तो गठ्ठा किमान २०२४ च्या आधीचा आहे.

याहून जुनाट नोट्सही सापडतात. दहाव्या अनुसूचीत एक तृतीयांश आमदार फुटले तर अपात्रता नाही, असे काही ठिकाणी अजून शिकवले जाते. फुटीची ती सवलत २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली, आता फक्त दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाचा बचाव उरला आहे. ज्या राज्यात जून २०२२ नंतर या अनुसूचीवर गल्लोगल्ली चर्चा झाली आणि ११ मे २०२३ ला सुभाष देसाई खटल्याचा निकाल आला, तिथल्या विद्यार्थ्याने ही चूक परीक्षेत करणे फार वाईट आहे.

शिकवणार कोण

पहिला विचार येतो तो आपल्याच महाविद्यालयाच्या प्राध्यापकांचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतली आचारसंहिता शिक्षकांना, मूळ कामात अडथळा आणू शकतील अशा खासगी शिकवण्या आणि कोचिंग क्लासपासून दूर राहायला सांगते. म्हणून त्यांना पैसे देऊ करून अडचणीत टाकू नये. त्याऐवजी लेखी उत्तर घेऊन त्यांच्या मोकळ्या तासाला जावे. ३६ मिनिटांचा आपला हक्काचा वाटा बहुतेक विद्यार्थी मागतच नाहीत, असे मला दिसते. आणि जो आपला पेपर तपासणार आहे त्याला पैसे देऊन शिकवणी घेणे दोघांच्याही दृष्टीने चूक आहे.

दुसरा पर्याय वकिलांचा. प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला विद्यापीठाशी संलग्न संस्थेत दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवण्याची मुभा १९७९ च्या नियमांनी दिली आहे. महाविद्यालयांत दिसणारे ‘व्हिजिटिंग’ वकील त्यातले. उच्च न्यायालयात रिट याचिका चालवणारा तरुण वकील अनुच्छेद २२६ असा शिकवतो की पुस्तकाला तसे शिकवता येणार नाही. पण त्याची तारीख लागली की आपला तास बुडतो, हे गृहीत धरून वेळापत्रक करा.

तिसरा, आणि माझ्या मते पदवीच्या विद्यार्थ्यासाठी सर्वांत योग्य पर्याय म्हणजे एलएलएम करणारा किंवा नुकताच झालेला, नेट किंवा सेटचा अभ्यास करणारा विद्यार्थी. यूजीसी नेटच्या कायदा विषयात १० घटक आहेत, त्यांतला एक संविधान आणि प्रशासकीय कायद्याचा. अशा माणसाचे वाचन ताजे असते, त्याला अध्यापनाचा सराव हवा असतो आणि उत्तरे तपासायला वेळ असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे, पुण्याचे आयएलएस १९२४ चे. या गावांत अशी माणसे शोधणे अवघड नाही. लातूर, जळगाव, रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला ऑनलाइन शोधावे लागेल, आणि या विषयात ते चालते, कारण सगळे काम मजकुरावर आहे. अट एकच: उत्तर हाताने लिहायचे आणि फोटो काढून पाठवायचे. परीक्षा हातानेच द्यायची आहे.

निवृत्त प्राध्यापक मिळाले तर भाग्यच. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे आले होते. मसुदा समितीच्या अध्यक्षाने आधी विद्यार्थ्यांना कायदा शिकवला होता, याचा आपल्या विधी शिक्षणाने अभिमान तर बाळगावाच, पण त्या परंपरेला शोभेल इतका वेळ विद्यार्थ्यांना द्यावाही.

१८ तास, किती रुपये

सुरुवातीला आलेला १८ तासांचा आकडा इथे कामाला येतो. नियम ६० जणांच्या तुकडीला एका विषयासाठी जेवढा ट्युटोरियलचा वेळ देतात, तेवढाच एका विद्यार्थ्याला एका पेपरसाठी पुरेसा आहे. दीड तासाच्या १२ बैठका. त्यांतले तीन तास निकाल कसा वाचायचा यावर, सहा तास निवडक निकाल सोबत वाचण्यावर, सात तास लिहिलेल्या उत्तरांवर आणि दोन तास पूर्ण सराव पेपर पाहण्यावर. यात व्याख्यानाला शून्य तास आहेत, आणि तसे असावेत.

समजा तासाचे ५०० रुपये ठरले, तर १८ तासांचे ९,००० होतात. तिघांनी मिळून लावली तर प्रत्येकी ३,०००. तिघांपर्यंत गुणवत्ता घसरत नाही, उलट एकमेकांची उत्तरे वाचून फायदाच होतो. सहाजण झाले की पुन्हा वर्ग सुरू होतो. दर गावागावात वेगळा असेल, पण हिशेब करताना महिन्याचा दर न धरता तपासलेल्या उत्तराचा धरा. ९,००० रुपयांत १५ उत्तरे शेऱ्यांसह परत मिळाली, तर एक उत्तर ६०० रुपयांना पडले. एखाद्या मोठ्या क्लासने ५०,००० घेऊन तीन उत्तरे तपासली, तर एक उत्तर १६,६६७ रुपयांना पडले. त्यावर १८ टक्के जीएसटी लागला की ५०,००० चे ५९,००० होतात. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या एकट्या शिकवणाऱ्याला जीएसटी नोंदणी करावी लागत नाही, त्यामुळे त्याने बिलात हा कर लावला तर नोंदणी क्रमांक विचारा.

केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत आधीच सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत द्यावे, असे म्हटले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने क्लासच्या जाहिरातींबाबत सूचना दिल्या: यशस्वी उमेदवाराचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय आणि निवडीनंतरच वापरावा, त्याने कोणता कोर्स किती काळ केला तेही सांगावे. पण दोन्ही ठिकाणी व्याख्या ५० हून अधिक विद्यार्थ्यांच्या केंद्राची आहे. एकट्या शिकवणाऱ्याला त्या लागू नाहीत. म्हणून त्याच्याशी एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: तास किती, उत्तरे किती, उत्तर किती दिवसांत परत आणि मध्येच थांबलो तर पैसे किती परत. सगळे शुल्क आगाऊ देऊ नका.

फुकट काय मिळते

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल विकत घेण्याचे दिवस गेले. २ जानेवारी २०२३ ला सुरू झालेल्या ई-एससीआर संकेतस्थळावर सुरुवातीलाच सुमारे ३४,००० निकाल मोफत होते आणि निवडक निकालांचे मराठी अनुवादही न्यायालय देते. २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांच्या सुनावण्या थेट दाखवल्या जातात. त्या पहिल्या दिवशी आर्थिक दुर्बल घटकांचे आरक्षण, महाराष्ट्रातला सत्तासंघर्ष आणि खुद्द वकिलांची ऑल इंडिया बार परीक्षा हे तीन विषय होते. संविधान सभेच्या १६५ दिवसांच्या कामकाजाचे वृत्तांतही इंटरनेटवर मोफत आहेत.

मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्यासाठी इथे एक अडचण आहे, ती झाकून चालणार नाही. अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. म्हणजे निकाल इंग्रजीत वाचायचे आणि विद्यापीठाने सोय दिली असेल तर उत्तर मराठीत लिहायचे. शिकवणारा दोन्ही भाषांत वावरणारा हवा. अशा विद्यार्थ्याला सुटसुटीत मराठी सारांश देऊन मोकळे करणारा त्याचे नुकसान करतो, कारण वकील झाल्यावर तो सारांश कोर्टात वाचता येत नाही. पहिले दोन महिने दिवसाला निकालाचे एक पान, शब्दकोश आणि बेअर अॅक्ट शेजारी ठेवून वाचले तर भीती जाते. हे काम शिकवणीशिवायही होते.

स्पर्धा परीक्षांचा हिशेब वेगळा आहे. ऑल इंडिया बार परीक्षेत १०० पैकी १० प्रश्न संविधानाचे असतात आणि खुल्या व इतर मागास प्रवर्गाला उत्तीर्ण व्हायला ४५ गुण लागतात, त्यासाठी संविधानाची खास शिकवणी लावणे पैसे वाया घालवणे आहे. लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत कायदा हा वैकल्पिक विषय घेतला तर २५० गुणांच्या पहिल्या पेपरचा मोठा भाग संविधान आणि प्रशासकीय कायद्याचा असतो, तिथे उत्तरतपासणी अत्यावश्यक. स्पर्धा परीक्षांच्या प्रशिक्षणासाठी बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या योजनाही आहेत. पात्र असाल तर पैसे मोजण्याआधी तिथे चौकशी करा. एकाच शिकवणीत एलएलबी, बार परीक्षा आणि न्यायाधीश परीक्षा असे तिन्ही ‘करून देतो’ म्हणणाऱ्याला नकार द्या.

शिकवणी सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी वही उघडा. तोवर किमान तीन उत्तरे लाल शेऱ्यांसह परत आलेली असावीत, आणि किमान एक निकाल मूळ भाषेत तुम्ही स्वतः वाचलेला असावा. दोन्हींपैकी एकही झाले नसेल तर शिकवणी थांबवा, उरलेल्या तासांचे पैसे मागून घ्या आणि दुसरा माणूस शोधा.